गाडलेली कॉइल, धावती गाडी आणि मधले दहा सेंटीमीटर

रस्त्याखालच्या कॉइलमधून चालत्या गाडीची बॅटरी भरणारी यंत्रणा विकताना किलोवॉट ठळक अक्षरात छापतात, कार्यक्षमताही छापतात. गाडी मध्यरेषेपासून थोडी बाजूला सरकली की त्यातलं किती उरतं, हा तक्ता मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. या परीक्षणात फक्त तेवढंच पाहिलं आहे: गाडी कॉइलच्या रेषेत ठेवण्याचे जे उपाय आहेत, त्यांतले कुठले पैशाला जागतात आणि कुठले कागदावरच शोभतात.

आधी माप घेऊ. उभ्या गाडीच्या वायरलेस चार्जिंगसाठी एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेचं जे2954 हे मानक आहे. वारंवारता 85 किलोहर्ट्झच्या आसपास, शक्ती 11 किलोवॉटपर्यंत. त्यात आडव्या दिशेने 10 आणि लांबीच्या दिशेने 7.5 सेंटीमीटरपर्यंतची चूक चालते. कार्यक्षमता मध्यावर किमान 85 टक्के, कडेला किमान 80 टक्के हवी. हे सगळं पार्किंगमधलं, जिथे चालक मागेपुढे करून गाडी नीट लावू शकतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये 1.8 मीटर रुंदीची गाडी चालली की दोन्ही बाजूंना 85 सेंटीमीटर जागा मोकळी असते, आणि माणूस ती वापरतो. मन लावून चालवणाऱ्या चालकाच्या डोलण्याचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) 20 सेंटीमीटर धरलं, तर तो 10 सेंटीमीटरच्या आत जेमतेम 38 टक्के वेळ असतो. तोच चालक सवयीने 15 सेंटीमीटर एका बाजूला धरून चालवत असेल, तर हा आकडा 30 टक्क्यांवर येतो. म्हणजे छापलेल्या किलोवॉटपैकी बराच भाग रस्त्यातच राहतो.

पहिला उपाय कॉइलच्या आकाराचा. आमच्या मते पैसे सर्वांत आधी इथे घालावेत, कारण जी चूक कॉइल पोटात घेते ती स्टिअरिंगला दुरुस्त करावी लागत नाही. वर्तुळाकार पॅड (कॉइल बसवलेल्या सपाट चकत्या) बनवायला सोपे आणि स्वस्त. पण समोरासमोरचे दोन वर्तुळाकार पॅड व्यासाच्या सुमारे 40 टक्के सरकले की आत शिरणारा आणि बाहेर पडणारा फ्लक्स (चुंबकीय बलरेषांचा झोत) एकमेकांना खोडतात आणि शक्ती जवळपास शून्यावर येते. 60 सेंटीमीटरचा पॅड असेल तर शक्तीतला हा खड्डा 24 सेंटीमीटरवर. चालकाच्या डोलण्याचा विचार करता ही जागा सर्वांत गैरसोयीची आहे. त्याहून वाईट म्हणजे या खड्ड्यापलीकडे थोडी शक्ती पुन्हा दिसू लागते, आणि तिच्या भरवशावर गाडी सावरणारी यंत्रणा उलट्या बाजूला ढकलली जाते.

ऑकलंड विद्यापीठात विकसित झालेल्या डबल-डी पॅडमध्ये दोन डी आकाराच्या कॉइल शेजारीशेजारी असतात. फ्लक्स एका डी मधून वर येऊन दुसऱ्यातून खाली जातो. फ्लक्सच्या दिशेत सरकल्यावर इथेही खड्डा लागतो, तिला काटकोनात मात्र लागत नाही. म्हणून पॅड कुठल्या दिशेने बसवला आहे हे आधी विचारावं. फ्लक्स प्रवासाच्या दिशेत ठेवला तर आडवी सूट (बाजूला सरकण्याची मुभा) चांगली मिळते, पण गाडी पुढे जाताना शक्ती धडधडत येते. आडवा ठेवला तर शक्ती सलग येते आणि खड्डा नेमका बाजूला लागतो. गाडीकडच्या पॅडमध्ये मधोमध तिसरी, क्वाड्रेचर कॉइल घातली की तो बराचसा भरून निघतो. तांबं वाढतं, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणखी एक लागतो, तरी सौदा परवडतो.

आडव्या सुटीचं सर्वांत बोलकं उदाहरण कोरियातल्या कैस्ट संस्थेच्या ऑनलाइन इलेक्ट्रिक व्हेइकल प्रकल्पातलं. तिथल्या आय आकाराच्या रुळात, म्हणजे रस्त्यात गाडलेल्या वीज देणाऱ्या पट्टीत, चुंबकीय ध्रुव रस्त्याच्या लांबीच्या दिशेत आळीपाळीने बदलतात. रूळ फक्त 10 सेंटीमीटर रुंद, वर 20 सेंटीमीटर हवेचं अंतर, आणि शक्ती निम्मी होईपर्यंत गाडी सुमारे 24 सेंटीमीटर बाजूला जाऊ शकते. शेजारचे ध्रुव विरुद्ध असल्याने बाजूला पसरणारं क्षेत्रही कमी राहतं. दोष दोन. एक, प्रवासाच्या दिशेत दर ध्रुवाच्या अंतरावर शक्ती शून्याला स्पर्श करते. त्यासाठी दोन फेजांचा पिकअप (गाडीकडचा वीज घेणारा भाग) लागतो. दोन, कार्यक्षमता. त्या रचनेत 27 किलोवॉटला 74 टक्के नोंदली गेली. याच प्रकल्पाच्या 2013 मधल्या गुमी शहरातल्या बस 20 किलोहर्ट्झवर, 17 सेंटीमीटर अंतरातून 100 किलोवॉट घेत होत्या आणि तिथे 85 टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता सांगितली गेली. सूट फुकट मिळत नाही, ती तांबं, फेराइट किंवा कार्यक्षमता यांतल्या कशातून तरी वसूल होते. कुणी जास्त सूट, कमी साहित्य आणि चांगली कार्यक्षमता तिन्ही एकदम देतो म्हणाला तर मोजमाप कुठल्या उंचीवर केलं ते विचारा.

आकारानंतर लगेच इलेक्ट्रॉनिक्स, कारण गाडी सरकली की काय होतं हे कॉम्पेन्सेशनच्या, म्हणजे कॉइल वारंवारतेशी जुळवणाऱ्या कपॅसिटरांच्या, जोडणीवर ठरतं. दोन्हीकडे सिरीज कपॅसिटर आणि स्थिर व्होल्टेजवर चालणारा इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारा भाग) अशी साधी रचना असेल, तर कपलिंग (दोन कॉइलमधली चुंबकीय जोड) कमी झाल्यावर प्रवाह वाढतो. कपलिंग 0.20 वरून 0.12 वर आलं, तर प्रवाह दीडपटीहून वर जातो, आणि गाडी पूर्ण निघून गेली की इन्व्हर्टरला समोर जवळपास शॉर्टसर्किट दिसतं. पार्किंगमध्ये हे सांभाळता येतं. गाड्या सतत येत-जात असलेल्या रस्त्यात हा प्रकार नको. दोन्हीकडे एलसीसी (एक इंडक्टर, दोन कपॅसिटर) जोडणी असली तर रस्त्यातल्या कॉइलचा प्रवाह स्थिर राहतो आणि शक्ती कपलिंगच्या प्रमाणात खाली येते: 0.20 ची 0.12 झाली की 60 टक्के. गाडी भरकटली तर कमी मिळतं, पण काही जळत नाही. रस्त्यासाठी खरेदी करणाऱ्यांनी सिरीज-सिरीज रचना सरळ नाकारावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता गाडी वळवणारे उपाय. कॅमेऱ्यावर चालणारी लेन-सेंटरिंग अनेक नव्या गाड्यांत आहेच, म्हणून विक्रेते तिच्याकडे बोट दाखवतात. लेनची रेषा ओलांडताना फक्त धक्का देणारी यंत्रणा आणि सतत मध्यावर ठेवणारी यंत्रणा या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा इथे उपयोग नाही. दुसरी डोलणं खरोखर कमी करते. प्रमाण विचलन 20 वरून 8 सेंटीमीटरवर आलं असं धरा. मध्य बरोबर असेल तर 10 सेंटीमीटरच्या आतला वेळ 38 वरून 79 टक्क्यांवर जातो. पण कॅमेरा रंगवलेल्या रेषा पाहतो, कॉइल पाहत नाही. कॉइल लेनच्या मध्यापासून 10 सेंटीमीटर बाजूला गाडली गेली असेल, किंवा रेषा पुन्हा रंगवताना तेवढी सरकली असेल, तर तीच गाडी शिस्तीत, फारसं न डोलता, चुकीच्या जागी चालत राहते आणि 79 चे 49 टक्के होतात. डोलणारा चालक निदान अधूनमधून बरोबर जागेवरून जातो! कॅमेऱ्याचे बाकीचे दोष सगळ्यांना माहीत आहेत: पाऊस, समोरून येणारं ऊन, पुसट रेषा, दुरुस्तीच्या डांबराच्या पट्ट्या रेषा समजून धरणं. थोडक्यात, कॅमेरा स्टिअरिंग स्थिर ठेवायला चांगला, मध्य ठरवायला अपुरा.

उपग्रहावरून मिळणारं आणि जमिनीवरच्या संदर्भ केंद्राच्या मदतीने सुधारलेलं आरटीके स्थान उघड्या आकाशाखाली दोनेक सेंटीमीटर अचूक असतं आणि कॉइलचा नकाशा एकदा मोजून ठेवला की रंगाच्या रेषांवर अवलंबून राहावं लागत नाही. पण पूल, बोगदा, उंच इमारती किंवा शेजारून जाणारा कंटेनर आला की फिक्स (पक्कं झालेलं स्थान) सुटतो आणि पुन्हा मिळायला वेळ लागतो. शिवाय अँटेना छतावर आणि पॅड खाली मागे. दोघांत अडीच मीटर अंतर असेल आणि गाडी 2 अंश तिरकी असेल, तर पॅड जवळपास 9 सेंटीमीटर सरकलेला असतो. दिशा मोजणारी दोन अँटेनांची जोडणी नसेल तर अर्धी अचूकता इथेच गेली. चाचणीच्या ट्रॅकवर संदर्भ मोजमाप म्हणून आरटीके उत्तम. रोजच्या रस्त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

रस्त्यात चुंबक पुरून गाडीला वाट दाखवण्याची कल्पना जुनी आणि कसाला उतरलेली आहे. कॅलिफोर्नियाच्या पाथ या वाहतूक संशोधन संस्थेने 1997 मध्ये सान डिएगोजवळच्या आय-15 महामार्गावर दर 1.2 मीटरला चुंबक पुरून स्वयंचलित गाड्या चालवून दाखवल्या. बर्फ, अंधार, चिखल यांनी काही फरक पडत नाही. चार्जिंगच्या रस्त्यात अडचण वेगळी: बंपरखालच्या मॅग्नेटोमीटरला (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरला) 85 किलोहर्ट्झचं दणदणीत क्षेत्र सोसावं लागतं आणि शिल्डिंग नसेल तर तो संपृक्त होतो. वर काँक्रीटमधल्या सळ्यांचा आणि सांध्यांतल्या लोखंडाचा गोंधळ. ठरलेल्या मार्गाच्या बससाठी विचार करावा. बाकी ठिकाणी, ज्या रस्त्यात आधीच क्षेत्र निर्माण करणारी कॉइल गाडली आहे तिथे आणखी चुंबक कशाला?

त्यामुळे आमची पसंती शोधक कॉइलना. रिसीव्हर पॅडच्या डाव्या-उजव्या कडेला दोन छोट्या कॉइल बसवायच्या आणि रस्त्याचं क्षेत्रच मोजायचं. दोन्ही व्होल्टेजचा फरक भागिले बेरीज हा आकडा घेतला की शक्ती कमी-जास्त झाली तरी तो फारसा हलत नाही, आणि त्याचं चिन्ह गाडी कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. लेनच्या रेषा, नकाशा, उपग्रह काहीच मध्ये येत नाही. पॅडला जे दिसतं तेच मोजलं जातं. खर्च नगण्य. 5 बाय 5 सेंटीमीटरच्या 10 वेढ्यांच्या कॉइलमध्ये 85 किलोहर्ट्झला 100 मायक्रोटेस्ला क्षेत्र सुमारे 1.3 व्होल्ट देतं, म्हणजे सिग्नल भरपूर. उलट पूर्ण शक्तीवर खालचं क्षेत्र 2 मिलिटेस्ला झालं तर 27 व्होल्ट येतील, म्हणून इनपुटवर क्लॅम्प (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) हवाच. एक मिलिसेकंदाच्या खिडकीत 85 आवर्तनं येतात आणि तेवढ्या वेळात ताशी 90 किलोमीटरची गाडी अडीच सेंटीमीटर पुढे जाते. स्टिअरिंगला इतक्या वेगवान मोजमापाची गरजही नसते, त्यामुळे सरासरी घ्यायला वाव मिळतो.

बसवताना चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, पॅडचा स्वतःचा प्रवाह. शक्ती घेऊ लागल्यावर पॅडचं क्षेत्रही शोधक कॉइलमध्ये मिसळतं. जुळवणी (ट्यूनिंग) नीट असेल तर पॅडचा प्रवाह रस्त्यातल्या प्रवाहापासून 90 अंश फेजने दूर असतो, म्हणून पॅडचा प्रवाह संदर्भ धरून सिंक्रोनस डिटेक्शन (ठरावीक फेजचा सिग्नलच वेगळा मोजणं) केलं की दोन्ही वेगळे काढता येतात. नुसतं रेक्टिफाय करून व्होल्टेज मोजणारे स्वस्त बोर्ड इथे फसतात: शक्ती नसताना बरोबर, शक्ती सुरू झाली की बरळतात. दुसरी, शून्यबिंदू. फार दूर सरकल्यावर एका कॉइलमधल्या सिग्नलची फेज उलटते, म्हणून फेज न पाहता फक्त मोठेपणा पाहणारी यंत्रणा दिशा चुकवते. बेरीज ठरावीक पातळीखाली गेली की स्टिअरिंगला सूचना देणं थांबवावं, अंदाज बांधू नये. तिसरी, अंशांकन (कॅलिब्रेशन) केलंच जात नाही. ते असं करायचं: सपाट जागेवर एक कॉइल कमी प्रवाहावर सुरू ठेवून गाडी मध्यापासून उणे 30 ते अधिक 30 सेंटीमीटरपर्यंत 5 सेंटीमीटरच्या टप्प्यांनी सरकवायची आणि प्रत्येक टप्प्याला दोन्ही व्होल्टेज व फेज नोंदवायचे, मग गाडी पूर्ण लादून तीच फेरी पुन्हा, कारण सस्पेन्शन दबून 3-4 सेंटीमीटर उंची बदलली की वक्ररेषा बदलते. डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी आली नाही तर ॲल्युमिनियमची शिल्ड वाकलेली आहे किंवा एका बाजूला पोलादी आडवा तुकडा जवळ आला आहे. ते सॉफ्टवेअरने झाकू नका, दुरुस्त करा.

या पद्धतीचा खरा दोष असा की ती पायाखालचं पाहते, पुढचं नाही. मागच्या एक्सलजवळच्या शोधक कॉइलवरून थेट स्टिअरिंग चालवलं तर वेग वाढल्यावर गाडी सापासारखी नागमोडी जाऊ लागते, कारण चूक कळेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. उपाय म्हणजे वाटणी करणं: पुढचं पाहून चाक वळवण्याचं काम कॅमेऱ्याचं, आणि कॅमेऱ्याचा मध्य हळूहळू, काही सेकंदांच्या गतीने सरकवण्याचं काम शोधक कॉइलचं. म्हणजे 10 सेंटीमीटरची ती कायमची चूक आपोआप भरून निघते आणि वरचे 49 टक्के पुन्हा 79 कडे जातात. गाडीत स्वयंचलित स्टिअरिंग नसेल आणि डॅशबोर्डवर नुसता बाण दाखवायचा असेल, तर मध्याभोवती 5 सेंटीमीटर मृत पट्टा (जिथे बाण हलत नाही) आणि अर्ध्या ते एक सेकंदाची सरासरी ठेवा. नाहीतर चालक बाणाच्या मागे धावतो आणि आधीपेक्षा जास्त डोलतो.

पॅड स्वतः डावी-उजवीकडे सरकवणारे ॲक्च्युएटर दिसायला चतुर, पण जड पॅड, चिखल, दगडाचे मार आणि जाम होणारे स्लाइड यांपुढे टिकाव कठीण. टाळा.

लांबीच्या दिशेतली जुळणी हा स्टिअरिंगचा नाही, वेळेचा प्रश्न आहे. रस्त्यातल्या कॉइल गाडी वर असतानाच सुरू असाव्या लागतात, कारण उघड्या कॉइलचं क्षेत्र कुणाच्याही पायाखाली येऊ शकतं. आयसीएनआयआरपी या प्रारणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा या वारंवारतेला 27 मायक्रोटेस्ला आहे, आणि गाडी बाजूला सरकल्यावर शिल्डच्या कडेबाहेर गळणारं क्षेत्र वाढतं. म्हणून ठरावीक ऑफसेटपलीकडे (मध्यापासूनच्या आडव्या अंतरापलीकडे) कॉइल बंद झालीच पाहिजे. ताशी 90 ला दीड मीटरची कॉइल 60 मिलिसेकंदांत ओलांडली जाते. 10 हर्ट्झच्या उपग्रह स्थानात दोन नोंदींमध्ये अडीच मीटर निघून जातात. दूरच्या सर्व्हरला विचारून कॉइल सुरू करणारी रचना असेल आणि 50 मिलिसेकंद लागत असतील, तर सव्वा मीटर वाया गेला. ओळख आणि हिशेब सर्व्हरवर, पण चालू-बंद रस्त्याच्या कडेच्या पेटीतच, पुढची कॉइल आधी हलक्या प्रवाहावर जागी करून. इलेक्ट्रेऑन कंपनीच्या रस्त्यांमध्ये, डेट्रॉइटच्या 14व्या स्ट्रीटवर 2023 पासून असलेल्या पट्ट्यातही, रिसीव्हर असलेली गाडी वर आली तरच त्या भागाला वीज मिळते. ही पद्धत योग्य आहे. इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाने 2025 मध्ये ताशी 65 मैलांनी जाणाऱ्या जड ट्रकला 190 किलोवॉट दिले. एवढ्या वेगाला चालू-बंदचा प्रत्येक मिलिसेकंद थेट ऊर्जेत मोजला जातो.

वळणांकडे विक्रेते क्वचित लक्ष देतात. वळणावर मागची चाकं पुढच्यांच्या आतून जातात. किती आतून, तर चाकतळाचा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा) वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट. 2.8 मीटर चाकतळाची मोटार 100 मीटर त्रिज्येवर 4 सेंटीमीटर आत जाते, ठीक आहे. 6 मीटर चाकतळाची बस तिथेच 18 सेंटीमीटर, आणि 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर 60. म्हणजे बसथांब्याजवळच्या वळणात लेनच्या मध्यात गाडलेली कॉइल मागच्या एक्सलजवळच्या पॅडला जवळपास निरुपयोगी आहे. एक तर कॉइल त्या बसच्या प्रत्यक्ष मागावर गाडा, नाहीतर वळण सोडून द्या आणि पैसे सरळ पट्ट्यात घाला.

शेवटी एक अनपेक्षित परिणाम, जो गाडी रेषेत ठेवण्यात यश आल्यावरच दिसतो. सगळ्या गाड्या एकाच ओळीत चालल्या की चाकांच्या दोन पट्ट्यांत डांबर लवकर दबतं आणि खोबणी पडते. गाडी एखाद-दोन सेंटीमीटर खाली येते, कपलिंग वाढतं, आणि जुळवणी हलते. म्हणून ठरवलेल्या मध्यात मुद्दाम 5 सेंटीमीटरपर्यंतची हळू भटकंती घालावी. कॉइलचा आकार चांगला असेल तर शक्तीत फारसा फरक पडत नाही.

खरेदीपूर्वी तक्ता मागताना त्यात हे हवं: 0, 5, 10, 15, 20 आणि 25 सेंटीमीटर ऑफसेटला, रिकाम्या आणि लादलेल्या उंचीवर, मिळणारी शक्ती आणि गाडीच्या कडेचं क्षेत्र. शिवाय कॉइल गाडल्यानंतर तिच्या विद्युत मध्याची मोजणी केल्याची नोंद, लेनच्या रेषेपासूनच्या अंतरासह, दर 10 मीटरला. डांबराचा नवा थर किंवा नवा रंग चढला की ही मोजणी पुन्हा करण्याची जबाबदारी कुणाची, ते करारात लिहून घ्या.